वर्दीची घंटा आणि कंबरेचा घेर : अग्निशमन व रुग्णवाहिकेवरील सहकाऱ्यांचा आहार आणि व्यायाम

बंबावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी गेली सतरा वर्षे अग्निशमन सेवेत आहे. भरती झालो तेव्हा माझे वजन ६८ किलो होते. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी झालेल्या तपासणीत ते ९१ किलो भरले आणि कंबरेचा घेर १०४ सेंटिमीटर निघाला. त्याच महिन्यात आमचा एक सहकारी, वय ४४, पेटलेल्या उसाच्या फडावरून परत आल्यावर ओले हौज गुंडाळता गुंडाळता छातीत कळ येऊन खाली बसला. वेळेत दवाखान्यात पोहोचला म्हणून आज तो आमच्यात आहे. तो दारू पीत नाही, तंबाखू खात नाही. मग असे का झाले, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना, म्हणून जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि स्वतःवर करून पाहिले ते येथे मांडतो आहे.

पहिली गोष्ट ही की, आमच्या कामात ज्वाळांपेक्षा हृदयविकाराने अधिक माणसे जातात. अमेरिकेतील अग्निशमन जवानांच्या ड्युटीवरील मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष आग विझवण्यात त्या जवानांच्या एकूण वेळेपैकी केवळ १ ते ५ टक्के वेळ जातो, परंतु हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के मृत्यू नेमके त्या वेळात झाले होते. याचा अर्थ असा की, तासन्‌तास बसून असलेले शरीर घंटा वाजताच वीस-पंचवीस किलोचा साज चढवून, उष्णतेत आणि धुरात एकदम पूर्ण ताकदीने राबवले जाते आणि ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच आजारी आहेत त्याला तो झटका सोसत नाही.

दुसरी गोष्ट दाहाची. दाह म्हटले की लाल झालेली, सुजलेली, ठणकणारी जखम डोळ्यांसमोर येते. येथे मी म्हणतो तो दाह दिसत नाही आणि दुखतही नाही. पोटातील अवयवांभोवती साठणारी चरबी नुसती पडून राहत नाही. ती इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा यांसारखे पदार्थ रक्तात सोडत राहते, त्यांच्या सांगाव्यावरून यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन तयार करते आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षे मंद झळ लागत राहते. अपुरी झोप हीच झळ वाढवते. म्हणजे पोट, रात्रपाळी आणि धूर या तिघांचा मारा एकाच ठिकाणी बसतो.

आता जेवणाविषयी. आमची पाळी चोवीस तासांची असते. सकाळी येताना वाटेत मिसळ आणि ब्रेडच्या चार स्लाइस, कटावर तेलाचा थर. दुपारी डबा. चारच्या सुमारास वडा किंवा भडंग. रात्री नऊनंतर सर्वांनी मिळून केलेला रस्सा-भात आणि मग मध्यरात्री वर्दीवरून (आगीच्या बोलावण्यावरून) परतल्यावर जे मिळेल ते. या सगळ्यात चहा वेगळाच. मी एका पाळीत मोजले, तर दहा कप भरले. कपाला दोन चमचे साखर धरली, तरी शंभर ग्रॅम साखर आणि चारशे उष्मांक फक्त चहातून पोटात जात होते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा असे सांगते.

घरी आहार बदलण्याचा प्रयत्न मी यापूर्वी तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो केंद्रावर मोडला. बारा जण एका पातेल्यातून जेवत असताना एकट्याने सॅलडचा डबा उघडणे अवघड असते. त्यात खाणाऱ्याची जीभ दोषी नसते, पातेले एक असते. म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे की, वजन कमी करण्याचा कार्यक्रम माणसाचा नसावा, पाळीचा असावा. अमेरिकेतील ओरेगन येथे अग्निशमन जवानांवर झालेल्या फ्लेम नावाच्या प्रयोगात, जवानांनी आपल्याच तुकडीत बसून, आपल्यातलाच एक जण पुढे करून आहार-व्यायामाचे धडे घेतले होते आणि त्या पद्धतीचा उपयोग झाला. कोल्हापूरच्या माणसाला यात नवे वाटण्यासारखे काही नाही. तालीम याच पद्धतीने चालते.

सध्या आमच्या पाळीने हे सुरू केले आहे : रात्रीचे जेवण साडेसातला उरकायचे, त्यानंतर पहाटेपर्यंत पाणी किंवा बिनसाखरेचा चहा, पातेल्यात तेल मोजून घालायचे, भाताऐवजी निम्म्या वेळा ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, आणि रोज सकाळी कवायतीनंतर चाळीस मिनिटे व्यायाम. इतरांचे अनुभव, विशेषतः रुग्णवाहिकेवरच्या मित्रांचे, कृपया लिहावेत.

पायलटच्या शेजारी

दादा, धागा काढल्याबद्दल आभार. मी १०८ रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम करते. तुमच्याकडे निदान पातेले तरी आहे. आमचे स्वयंपाकघर म्हणजे गाडीचा डॅशबोर्ड. एक रुग्ण सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) पोहोचवून बाहेर पडावे तोवर दुसरा फोन येतो, त्यामुळे हातात बसेल तेच खाल्ले जाते : बिस्किटे, वेफर्स, खारी, वडापाव. मला दोन वर्षांत अकरा किलो वजन वाढल्यावर जाग आली.

माझा उपाय अगदी साधा आहे. गाडीत एक पक्क्या झाकणाचा डबा कायम ठेवते. त्यात भाजलेले चणे, शेंगदाणे, दोन उकडलेली अंडी, एक पेरू किंवा केळे आणि बाटलीत पातळ ताक असते. आमच्या पायलटदादांनीही (गाडीच्या चालकांनीही) आता तसाच डबा सुरू केला आहे. फुटाणे आणि अंडी यांतल्या प्रथिनांमुळे पुढचे तीन तास भूक छळत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. बिस्किटांनी ती तासाभरात दुप्पट होऊन परत येते.

रात्री न खाण्याच्या तुमच्या नियमाला शास्त्राचा आधार आहे. सॅन दिएगो येथील १३७ अग्निशमन जवानांवर झालेला एक प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. सगळे चोवीस तासांच्या पाळीचे. निम्म्यांना दिवसातले सर्व खाणे दहा तासांच्या आत बसवायला सांगितले होते आणि हे बारा आठवडे चालले. त्यांना ते जमले, त्रास झाला नाही आणि ज्यांचा रक्तदाब किंवा साखर मुळातच वाढलेली होती, त्यांचा खालचा रक्तदाब आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सुधारला. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्याचे तास कमी करू नयेत. रात्री दोन वाजता गाडी चालवताना साखर उतरली, तर आत झोपलेल्या रुग्णाचाही जीव धोक्यात येतो.

गंगावेशचा पठ्ठ्या

मी पूर्वी कुस्ती करत होतो, आता पोलीस खात्यात आहे आणि पुराच्या काळात बचावपथकाबरोबर बोटीवर असतो. तुम्ही तालमीचे नाव काढलेत म्हणून सविस्तर लिहितो, कारण कोल्हापुरातल्या वर्दीतल्या माणसांच्या वजनाचे मूळ कोठे आहे, हे तालीम जवळून पाहिलेल्यालाच नीट समजते.

आमच्यातले बरेचसे जवान खेळाच्या जोरावर भरती झालेले आहेत. विसाव्या वर्षी पहाटे चारला उठून हजारभर बैठका, पाचशे जोर, नंतर हौद्यात माती उकरणे आणि दोन तास लढत असा दिवस असायचा. त्या मेहनतीला खुराकही तसाच लागायचा : बदामाची थंडाई, तूप, मटण आणि संध्याकाळी कट्ट्यावर समोर धार काढलेले म्हशीचे दूध. नोकरी लागली, मेहनत सुटली. खुराक मात्र सुटला नाही, कारण तो सोडणे म्हणजे पैलवानकी सोडणे असे आमच्या मनात बसलेले असते. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात पाचशेहून अधिक उष्मांक असतात. ज्याने दिवसभर खुर्चीत बसून बिनतारी यंत्र ऐकले, त्याच्या अंगात ते कोठे जाणार? वस्ताद आम्हाला सांगायचे की, खुराक मेहनतीच्या मागे चालला पाहिजे. चाळिशीत पोचल्यावर मला त्या बोलण्याचा अर्थ कळला.

आता एक इशारा, आणि तो मी कळकळीने देतो. वजन उतरवायचे ठरवले की, जुना पैलवान पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठायला जातो. आमच्या ओळखीतल्या एका जवानाने पंधरा वर्षांच्या खंडानंतर ईर्ष्येने एका बैठकीत सहाशे बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या झाल्या, तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होऊ लागली आणि त्याला दवाखान्यात दाखल करावे लागले. स्नायूंचे तंतू तुटून रक्तात उतरले आणि मूत्रपिंडांवर ताण आला, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणून खंड पडलेल्याने वीस बैठकांपासून सुरुवात करावी, आठवड्याला थोडे थोडे वाढवावे आणि अंग फार आखडून लघवीचा रंग गडद झाला, तर घरी न थांबता लगेच तपासून घ्यावे.

बाकी जोर, बैठका, दोरावर चढणे, करेला (जड लाकडी मुद्गल) फिरवणे हे सगळे आपल्या कामाला फार जवळचे व्यायाम आहेत. बेशुद्ध माणसाला पाण्यातून बोटीत ओढून घेताना कंबर, खांदे आणि मनगटाची पकड हेच लागते. यंत्रांच्या जिममध्ये दंड फुगतात, पण पकड तयार होत नाही, असे माझे मत आहे.

कळंब्याची सून

माझे यजमान अग्निशमन सेवेत आहेत. घरच्या बाजूने दोन शब्द लिहिते.

आमच्याकडे साखर बंद केली तेव्हा सासूबाईंनी सगळ्यात गूळ घालायला सुरुवात केली. आपल्या भागात गुऱ्हाळे आहेत, गूळ घरचा वाटतो आणि तो बाधत नाही, अशी सगळ्यांची श्रद्धा आहे. पण गुळाचे उष्मांक साखरेइतकेच भरतात आणि रक्तातली साखरही तो तशीच वाढवतो. हे घरात पटवून द्यायला मला दोन महिने लागले. आता तो सणाला पोळीत येतो आणि एरवी डब्यात मटकीची उसळ, मेथी किंवा अंबाडीची भाजी, दोन भाकरी, दही आणि जवसाची किंवा कारळ्याची चटणी असते. जवसातले ओमेगा-३ स्निग्ध पदार्थ दाहाला आवर घालतात असे वाचनात आले. ते थोडेसे जरी खरे असले, तरी फरसाणापेक्षा ती चटणी केव्हाही बरी.

तांबडा-पांढरा मात्र बंद केलेला नाही. रविवारी तो होतोच. तांबड्यावरची तर्री काढून बाजूला ठेवते, पांढऱ्या रश्श्याची वाटी एकच आणि सोबत भाताऐवजी भाकरी. मटणाचे तुकडे खुशाल खावेत, खरा भार तेल, नारळाचे दूध आणि काजूच्या वाटणाचा असतो.

एक प्रश्न आहे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी असते, त्यामुळे यांना नऊही दिवस बंदोबस्त असतो आणि त्यात ते उपवासही धरतात. दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स खाऊन वजन उतरण्याऐवजी वाढते. काय करावे?

राजारामपुरीचा वैद्य

मी फिजिशियन आहे. वहिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याऐवजी वरी, राजगिऱ्याची भाकरी, दही, मूठभर शेंगदाणे, रताळे आणि फळे असा उपवास केला, तर प्रथिनेही मिळतात आणि धर्मही राहतो. उन्हात उभे राहायचे असेल, तर निर्जळी उपवास करू नये.

आता मूळ विषयाविषयी. दाह मोजण्यासाठी एचएस-सीआरपी ही (वर आलेल्या सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची) रक्ताची तपासणी करता येते. लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, असे ढोबळपणे मानतात. १० च्या वर आकडा आला, तर बहुधा कोठे तरी ताजा संसर्ग किंवा इजा असते, म्हणून तो दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावा लागतो. सर्दी-तापात, मोठ्या आगीच्या दुसऱ्या दिवशी किंवा कठोर व्यायामानंतर लगेच ही तपासणी करू नये. हिरड्यांचा जुना आजार आणि तंबाखू यांनीही हा आकडा वर जातो. ज्यांना खर्च परवडत नाही त्यांनी शिवणकामाची टेप घ्यावी. बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, माप घ्यावे. आपल्याकडे पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वरचा घेर धोक्याचा धरतात. तो उतरत असेल, तर दाहही उतरत आहे असे बहुतेक वेळा समजायला हरकत नाही.

किती वजन उतरवायचे, याची धास्ती घेऊ नये. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले, तरी रक्तदाब, साखर आणि दाह यांत फरक दिसतो. ९१ किलोच्या माणसाला पहिल्या टप्प्यात साडेचार किलो पुरेसे आहेत. व्यायामाचे महत्त्व तर वजन न उतरताही आहे. चालणारा स्नायू स्वतःच काही रासायनिक संदेश रक्तात सोडतो आणि त्यांतून दाह शमवणारे पदार्थ वाढतात. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण अग्निशमन जवानाने किमान समजावे. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा दम लागला की वेग बरोबर आहे.

एका गोष्टीकडे मात्र कोणाचेही दुर्लक्ष होऊ नये. अग्निशमन जवानांच्या कामातील संपर्काला कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ साली पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींमध्ये टाकले. धुरातले विषारी कण श्वासातून जातात तसेच कातडीतूनही जातात आणि कपड्यांवर चिकटून राहतात. त्यांनी होणारा दाह भाकरी आणि जवस खाऊन धुतला जात नाही. आग विझल्यावर धुमसत असतानाही बीए सेट (पाठीवरचे श्वसनयंत्र) उतरवू नये, परतल्यावर लगेच मान, चेहरा, हात धुऊन आंघोळ करावी, काजळलेला कोट झोपायच्या खोलीत किंवा घरी आणू नये. आहार आणि व्यायाम यांच्या आधी मी हे लिहून देईन.

उत्तरेश्वर

सर्व प्रतिसाद वाचले. माझा आक्षेप असा आहे की, हे सगळे शांत दिवसांत जमते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाले की, आठ-आठ दिवस घर दिसत नाही. २०१९ आणि २०२१ साली चिखली-आंबेवाडीकडे बोटी घेऊन गेलेल्यांनी मिळेल ते खाल्ले. तेथे तुमचे साडेसातचे जेवण कोठे राहणार?

बंबावरचा (धागाकर्ता)

आक्षेप योग्य आहे. पुरात आम्ही कोणताही नियम पाळत नाही आणि पाळूही नये. थंड पाण्यात दहा तास राबणाऱ्याने वेळेचा विचार न करता खावे, रात्री दोनलाही खावे. तेव्हा वजन उतरवण्याचा विचार बाजूला ठेवायचा असतो. मात्र काय खायचे, हे आधी ठरवता येते. यंदा आम्ही जूनमध्येच पाळीच्या खर्चातून चणे, शेंगदाणे, खजूर, सातूचे पीठ आणि मीठ-साखरेची पाकिटे जलरोधक पिशव्यांत भरून बोटीच्या सामानात ठेवली होती. स्वयंसेवकांनी प्रेमाने दिलेल्या फरसाणाला नकार देणे अवघड जाते, ते कुटुंबांना वाटून टाकले.

आठ महिन्यांचा हिशेब प्रामाणिकपणे देतो. माझे वजन ९१ वरून ८३.५ किलोवर आले, कंबर १०४ वरून ९५ सेंटिमीटर झाली. म्हणजे घेर अजून धोक्याच्या रेषेच्या वरच आहे. एचएस-सीआरपी ४.१ होते, ते २.३ आले. आमच्या पाळीतल्या चौदा जणांपैकी नऊ जणांचे वजन उतरले, तिघांचे होते तेथेच आहे आणि दोघांनी दुसऱ्या महिन्यात सोडून दिले. त्या दोघांना घरी लहान मुले आहेत आणि पाळी सुटल्यावर ते दुसरे कामही करतात; झोपच मिळत नसेल, तर जोर-बैठकांचा आग्रह कोणत्या तोंडाने धरायचा? आता पाळी सुटताना त्यांना आधी सोडून आम्ही बाकीचे सामान आवरतो, म्हणजे त्यांना तासभर जास्त मिळतो. खरा मार्ग पाळ्यांची रचना आणि भरती यांतूनच निघेल, आणि त्यासाठी वरिष्ठांकडे लेखी मागणी दिली आहे.

मला स्वतःला सगळ्यात मोठा फरक जिन्यावर जाणवला. पूर्वी बीए सेट पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचलो की, पहिले मिनिट श्वास सावरण्यात जायचे. गेल्या महिन्यात एका इमारतीत वर्दीवर गेलो, तेव्हा वर पोचताच नोझल हातात घेऊन कामाला लागलो. सिलिंडरमधली हवाही पूर्वीपेक्षा जास्त वेळ पुरली.

पातेले सांभाळणारा

दादा, मी दुसऱ्या केंद्रावर आहे आणि आमच्या पाळीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. सोमवारपासून आम्हीही सुरू करतो आहोत. चौदा जणांना मटकी किती भिजवायची आणि तेल किती घालायचे, तेवढे सांगा.

बंबावरचा (धागाकर्ता)

माणशी साठ ग्रॅम कोरडी मटकी धरा, म्हणजे चौदा जणांना साधारण साडेआठशे ग्रॅम. फोडणीला माणशी दोन छोटे चमचे, म्हणजे अठ्ठावीस चमचे तेल मोजून वाटीत काढा आणि बुधला कपाटात ठेवून द्या. मटकी शनिवारी रात्री भिजत घाला, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा; सोमवारी तुमची पाळी चढेल तोवर मोड आलेले असतील.